एका हातानं न्यायचा अँप्लिफायर

माझ्या लग्नात रुखवतात गिटार मांडली होती. खोटं वाटेल, पण खरं आहे. लाडू, करंज्या, क्रोशाची बदकं, आणि त्यांच्या मधोमध पाटावर आडवी ठेवलेली लाल इलेक्ट्रिक गिटार. माझे वडील मुरगूडला शाळामास्तर. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातला एक ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा त्यांनी ती माझ्यासाठी जुनी घेतली होती, आणि कॉलेजची सगळी वर्षं मी ती हॉस्टेलवर वाजवून मैत्रिणींचं डोकं खाल्लं होतं. वडलांना वाटलं, पोरीची वस्तू पोरीबरोबर सासरी गेली पाहिजे. सासरकडच्या एक आत्याबाई ताटांवरनं नजर फिरवत तिच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ह्याचं काय करत्यात?" नवरीनं मान खाली घालून बसायचं असतं. तरी मी म्हणाले, "वाजवत्यात." आत्याबाई पुढं सरकल्या आणि दहा वर्षं त्या घरात गिटारीला 'वैनींचं ते' याच्यापलीकडं नाव मिळालं नाही.

सासर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट, आठवड्यातले सहा दिवस तिकडंच. बोलायला कंजूष, पण मला कधी आडवा आला नाही. मी हायस्कुलात गणित शिकवायची. आणि घरात धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते. ही सगळी गोष्ट त्यांच्याशी झालेल्या भांडणाचीच आहे, त्यामुळं आधीच सांगते, की माणूस सोन्यासारखा. पण आवाजाच्या बाबतीत त्यांचं डोकं एकाच बाजूला चालायचं. त्यांचा साऊंडचा धंदा होता: गणपती, वराती, वाढदिवस, पुढाऱ्यांच्या सभा. आमच्या गावात कानाला काय वाटलं हे कुणी विचारत नाही. छातीत दणका बसला का, एवढंच विचारतात. समोरच्या घराची तावदानं थरथरली की भावजींचं समाधान व्हायचं, आणि कुणी कानात बोटं घातली तर ते त्याला दाद समजायचे.

माझी शाळा कळंब्याच्या वाटेवर. शाळेला लागून एक पिठाची गिरणी होती. ते दिवस लोडशेडिंगचे. शनिवारी सकाळची शाळा सुटायची आणि त्याच वेळी त्या भागातली लाईट जायची, ती थेट तीनला यायची. एका शनिवारी मी दळण आणायला गेले तर गिरणी बंद, दारापर्यंत डब्यांची रांग, आणि गिरणीवाले आत पोत्यावर बसून ढोलकी वाजवत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, घरात कानडी बोलणारा, अंगभर पीठ. गावाकडं भजनात वाजवायचे म्हणाले. "लाईट न्हाय तर करायचं काय बाई? माशा मारायच्या?" मी म्हणाले, पुढच्या शनिवारी माझी गिटार आणू का? ते म्हणाले, "आणा की. इचारताय काय?"

तिसरा गडी त्यांनीच बोलावला. वरातीच्या बेंजो पार्टीत वाजवणारा, माझ्याच वयाचा मुसलमान माणूस. बेंजो म्हणजे बटणं दाबून तारा छेडायच्या ती पेटी. आमच्याकडं तिच्याशिवाय वरात हलत नाही. हा माणूस लग्नसराईत रोज चार-चार तास नवरदेवाच्या मित्रांना हवं ते वाजवायचा, आणि शनिवारी गिरणीत येऊन स्वतःला हवं ते. एकच सुरावट तो अर्धा अर्धा तास घोळायचा, चुकला तर हसायचा, परत मागं जायचा. ऐकायला समोर कुणी नाही. आम्ही तिघं आणि ते डबे. आठवड्यातले तेवढे तीन तास मी कुणाची बायको नव्हते, वहिनी नव्हते, शाळेतली बाई नव्हते. खरं सांगते, त्या तीन तासांवर माझा आठवडा निघायचा.

अडचण एकच. इलेक्ट्रिक गिटार वीज नसताना वाजवायची म्हणजे मुक्यानं गाणं म्हटल्यासारखं. ढोलकी आणि बेंजोच्या पुढं माझं मलाच ऐकू यायचं नाही. एक दिवस जेवताना हे माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तेही कुणापुढं, तर भावजींच्या पुढं. असली चूक शहाण्या माणसानं करू नये.

त्यांनी घास ताटात ठेवला. "साऊंडवाल्याच्या घरातल्या बाईला आवाज कमी पडतोय? वैनी, माझी लाज काढली की हो तुम्ही!"

पुढच्या शनिवारी शाळा सुटून मी गिरणीपाशी आले तर दारात भावजींचा टेम्पो. दोन माणसांनी धरून कपाटाएवढा गिटारचा अँप्लिफायर खाली उतरवला. लाईट नव्हती म्हणून सोबत जनरेटर. तो धडधडायला लागल्यावर गिरणी चालू असते तेव्हाही नसेल इतका आवाज झाला. आणि आमच्या गावात भावजींचा टेम्पो जिथं थांबतो तिथं कार्यक्रम असतो, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पंधरा मिनिटांत मंडळाच्या पोरांनी खुर्च्या मांडल्या. कुठनं तरी शाल आली, नारळ आला, फेटे आले. आमच्याकडं चार माणसं जमली आणि सत्कार झाला नाही असं होतच नाही. गिरणीवाल्यांच्या पिठानं भरलेल्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला. मलाही बांधला. कुणीतरी माइकवर 'आपल्या पेठेच्या सूनबाई' म्हणून माझी ओळख करून दिली आणि साठ-सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मग फर्माइशी सुरू झाल्या. हे वाजवा, ते वाजवा, नाचायचं वाजवा. मी दोन गाणी कशीबशी वाजवली. बेंजोवाला मात्र तासभर वाजवत राहिला, कारण त्याला नाही म्हणायची सवयच नव्हती. पोरं नाचली, शिट्ट्या झाल्या, भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना खरंच अभिमान वाटत होता माझा, हे मी कशाला नाकारू? पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. गर्दी पांगल्यावर बेंजोवाल्यानं पेटी कापडात गुंडाळली आणि एवढंच म्हणाला, "भाभी, हे तर मी रोजच करतो." त्यानंतरच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी आला नाही.

तो अँप्लिफायर आमच्या जिन्याखाली येऊन बसला. दारात हत्ती बांधल्यागत. त्याला हलवायचं तर टेम्पो हवा, टेम्पोला दोन माणसं हवीत, आणि टेम्पो कायम कुणाच्या तरी वरातीला. "मोकळा झाला की पाठवतो वैनी, काळजी करू नका," असं भावजी दर शनिवारी म्हणायचे. म्हणजे मी कधी वाजवायचं हे टेम्पो ठरवणार, आणि वाजवलंच तर खुर्च्या मांडून, फेटा बांधून. मी पेपर तपासता तपासता स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, नाही. हे असलं चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बेंजोवाल्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं चहा केला. तो म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाय भाभी. पण तसल्या बॉक्सपुढं बसलं की माझी बोटं आपोआप वरातीतलं वाजवायला लागत्यात. मग घरीच बरं. तिथंबी तेच असंल तर शनिवारी कशाला यायचं?"

मी म्हणाले, "या शनिवारी या. बॉक्स नसंल, माणसं नसतील. असली तर पहिल्यांदा मी उठून घरला जातो." (आमच्याकडं बायकाही जातो, येतो असंच बोलतात. पुण्याच्या लोकांना हसू येतं. येऊ दे.)

तो म्हणाला, "बरं. एकदा येतो." एकदा, म्हणजे एकदाच, हे मला कळलं.

शब्द देऊन बसले आणि हातात पाच दिवस. शनिवारपर्यंत मला असा अँप्लिफायर हवा होता की जो मी एकटी, कुणाला हाक न मारता नेईन, जो लाईट नसताना सेलवर चालेल, आणि ज्याच्याकडं बघून कुणाला खुर्ची मांडावीशी वाटणार नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर गिटार पाठीला लावून मी वाद्यांच्या दुकानात गेले.

दुकानदारानं माझ्या मागं बघितलं. "पावणं कुठं हायत?"

"कुठलं पावणं?"

"न्हाय, म्हंजे, वाजवणारं कोण?"

"मीच."

त्यानं एक मोठा अँप्लिफायर पुढं ओढला, माझी गिटार जोडली, सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवली आणि तारेवर दणकन हात मारला. शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. "बघा! काय ताकद हाय!" मी म्हणाले, आता दोनवर आणा. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. "वैनी, कमी आवाजात काय ऐकायचं हो?" मी म्हणाले, "जे तुम्ही मोठ्या आवाजात झाकताय ते." आणि दोनवर आणल्यावर काय, नुसती घरघर. तो अँप्लिफायर बाजूला गेला.

छोटे म्हणावे असे तीन होते. पहिला पाकिटाएवढा, कमरेला अडकवायचा. वजन काहीच नाही, पण आवाज डबीत अडकलेल्या माशीसारखा. ढोलकीची पहिली थाप पडली की तो मेला असता. दुसरा मधला. त्याच्याबद्दल बोलताना आजही माझा जीव थोडा खालीवर होतो. मी त्यावर एकच तार छेडली आणि सबंध दुकान मऊ झालं. दोनवरही भरलेला, चारवरही भरलेला, बोट तारेवरनं सरकलेलं सुद्धा ऐकू यायचं. दुकानदार म्हणाला, "झालं की मग! पॅक करू?"

"थांबा," म्हणाले, आणि गिटार पाठीला लावून, तो उजव्या हातात उचलून दुकानाबाहेर पडले.

"अवो वैनी! अवो! पैसं!" दुकानदार मागनं पळत आला. मी म्हणाले, पळून जात नाही, कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. माझं ठरलं होतं. बसस्टॉपपासून शाळेपर्यंत जेवढं चालायचं तेवढं त्या रस्त्यानं चालायचं, आणि हात बदलायचा नाही. हात बदलावा लागला की माणूस थांबतो, थांबला की कुणीतरी म्हणतं 'द्या इकडं', आणि एकदा दिलं की दुसऱ्या वेळी ते आपल्या हातात परत येत नाही. टेम्पोनं मला एवढं शिकवलं होतं. कोपऱ्यातल्या मारुतीपर्यंत मी गेले. येताना निम्म्या वाटेवर बोटं कळवळली आणि मी तो डाव्या हातात घेतला. तिथंच तो नापास झाला. शिवाय सेलवर चालत नव्हता. पण सेलची पळवाट मला नको. तो सेलवर चालत असता तरी मी सोडला असता. दुकानात परत ठेवताना मला रडू आलं, आणि दुकानदाराला वाटलं की हात दुखला.

तिसरा साधा काळा डबा. वर पट्ट्याचं हँडल, समोर एकच छोटा स्पीकर, मागं जाड सेल घालायची जागा. पाचच्या पुढं नेला की आवाज फाटायचा. तो उचलून मारुतीपर्यंत गेले आणि आले, हात बदलला नाही. आता सेल घाला म्हणाले. दुकानदार म्हणाला, सेलवर कुणी घेत नाही, आम्ही कधी लावून बघितलंच नाही. म्हणाले, आज बघा. त्यानं कुरकुरत दुकानातल्या हातबॅटऱ्यांतले सेल काढून त्यात घातले. मी वाजवायला सुरुवात केली आणि लाईट गेली. पंखा थांबला, समोरचं रसाचं यंत्र थांबलं, शेजारचा टेप थांबला. सगळी गल्ली गप्प, आणि तो डबा आपला वाजतोय. गोड नव्हता तो. पण प्रत्येक सूर मला ऐकू येत होता, माझा मला. दुकानदार अंधारात म्हणाला, "च्या मायला, चालतोय की!" मी म्हणाले, हाच.

घरी भावजी पुढच्या सोप्यातच बसले होते. डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे काय? ट्रान्झिस्टर?"

"माझा अँप्लिफायर."

"वैनी, चेष्टा करताय व्हय? जिन्याखाली एवढा मोठा पडलाय, आनि तुम्ही हे खेळणं घेऊन हिंडणार? लोक काय म्हणतील, साऊंडवाल्याच्या घरात हे?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. मला लोकांसाठी वाजवायचंच न्हाय."

"मग कुणासाठी वाजवायचं? कुणी ऐकणार न्हाय तर वाजवायचं कशाला?"

आता माझा संयम सुटला. "भावजी, तुम्ही रोज सकाळी तालमीत जोर मारता, ते कुणी बघावं म्हणून मारता? तिकीट लावता? माझं तीन तासाचं होतं, तुम्ही त्याची वरात केलीत. प्रेमानं केलीत, मान्य. पण त्या माणसाचं येणं बंद झालं, माझं वाजवणं बंद झालं, आणि तुम्हाला पत्ता न्हाय! मला तुमचा टेम्पो नको, माणसं नकोत, फेटा नको. मला नेता येईल तेवढाच आवाज पाहिजे."

घरात एवढ्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले होते. भावजींचं तोंड पडलं. ते उठून गेले आणि पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. वाढलेलं खायचे, पण मीठ हवं असलं तरी मला न सांगता उठून घ्यायचे. मला वाईट वाटलं. पण म्हणून मी डबा परत केला नाही.

शनिवारी पहाटे गिटार पाठीला, डबा हातात, अशी मी पेठेतनं निघाले. दूधवाला म्हणाला, "मिक्सर दुरुस्तीला व्हय बाई?" पुढच्या दारातल्या मावशींनी विचारलं, शिलाई मशीन घेतलं काय? मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "गिटारचा हाय. वाजवायला चाललोय!" लपवायचं काय त्यात? आणि गंमत अशी की खरं सांगूनही कुणी मागं आलं नाही. एवढ्याशा डब्यात काय असणार, म्हणून प्रत्येक जण आपापल्या कामाला लागला. बसमध्ये तो मांडीवर घेतला, शाळेत स्टाफरूमच्या टेबलाखाली ठेवला, आणि बाराला गिरणीत गेले.

बेंजोवाला आला होता. दारातच उभा, पेटी काखेत, आत सगळीकडं नजर फिरवत. मी डबा पोत्यावर ठेवला. त्यानं खाली वाकून बघितलं. "एवढाच?"

"एवढाच."

तो बसला. पाचच्या पुढं डबा फाटायचा, त्यामुळं ढोलकीलाच खाली यावं लागलं. गिरणीवाले तळवा सोडून नुसत्या बोटांनी वाजवायला लागले, मग बेंजोही उतरला, आणि त्या दिवशी आम्ही तिघांनी पहिल्यांदा एकमेकांना नीट ऐकलं. बेंजोवाला मधेच चुकला आणि हसला. तो हसला तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचे सगळे शनिवार तो येत राहिला.

महिना झाला असेल. एका शनिवारी आम्ही रंगात आलो होतो आणि दारात सावली पडली. भावजी. पांढराशुभ्र शर्ट, उन्हात उभे. टेम्पो कुठं दिसत नव्हता. बेंजोवाल्यानं त्यांना बघितलं आणि त्याची बोटं अडखळली; मला माहीत होतं आता ती कुठल्या गाण्याकडं वळतील. मी मान हलवून त्याला खुणावलं, चालू ठेवा, आणि मी माझा हात थांबवला नाही.

भावजी दारातनं म्हणाले, "वैनी, जरा वाढवा की. हितं कायबी ऐकू येत न्हाय."

"वाढवायचा न्हाय, भावजी. ऐकायचं असंल तर आत या."

ते तसेच उभे राहिले. गिरणीत शिरायचं म्हणजे अंगावर पीठ येणार, डब्यांच्या रांगेतनं वाट काढायची, आणि बसायला खुर्ची नाही. मला वाटलं, जाणार. मग त्यांनी चपला काढल्या, डबे ओलांडत आत आले आणि माझ्यापासनं हातभर अंतरावर खाली जमिनीवर बसले. मान पुढं करून, डोळे बारीक करून ते त्या डब्याकडं कान लावून ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांना कशासाठी तरी मान पुढं करताना मी कधी बघितलं नव्हतं. बेंजोची बोटं पुन्हा आपल्या सुरावटीवर आली होती.

थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "पहिल्यापासनं घ्या की."

"न्हाय," मी वाजवता वाजवताच म्हणाले. "आलाय तिथनं ऐका."